सिम्युलेटरला हेडसेट जोडताना

मुक्त स्रोत सिम्युलेटर बनवणाऱ्या प्रत्येक चमूकडे एक मागणी हटकून येते : ‘व्हीआर कधी?’ आणि तिला एक उत्साही उत्तरही हटकून मिळतं : ‘त्यात काय, दोन डोळ्यांसाठी दोनदा चित्र काढायचं!’ मग कोणीतरी खरंच दोन चित्रं शेजारी शेजारी काढून दाखवतं. स्क्रीनशॉट झकास दिसतो आणि काम तिथेच थांबतं. मॉनिटरवर कॅमेरा कुठे ठेवायचा आणि पुढची फ्रेम कधी काढायची, या दोन्ही गोष्टी आजवर प्रोग्रॅमच ठरवत आलेला असतो. हेडसेट आला की पहिली गोष्ट वापरणाऱ्याच्या मानेकडे जाते आणि दुसरी हेडसेटच्या रनटाइमकडे, म्हणजे हेडसेट चालवणाऱ्या प्रणालीकडे. वीस-पंचवीस वर्षं जुन्या कोडला हे दोन अधिकार सोडायला लावणं, यातच बहुतेक मेहनत जाते.

हा लेख सी++ येणाऱ्या, ओपनजीएलशी ओळख असलेल्या आणि चालू प्रकल्पात भर घालू पाहणाऱ्या वाचकांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः फ्लाइटगिअरची घेतो. हा विमानोड्डाणाचा सिम्युलेटर १९९७ पासून चालत आलेला, जीपीएल परवान्याखालचा आणि ओपनसीनग्राफ या ग्राफिक्स लायब्ररीवर उभा आहे. त्यात ओएसजीएक्सआर नावाच्या लायब्ररीमार्फत व्हीआर आणलं गेलं आहे. म्हणजे इथे सांगितलेली प्रत्येक अडचण कोणीतरी प्रत्यक्षात कशी सोडवली, हे तुम्हाला कोड उघडून वाचता येईल. तसं जरूर करा.

कोणत्या दारातून आत जायचं

निवड सोपी आहे : ओपनएक्सआर, म्हणजे वेगवेगळ्या हेडसेटांशी बोलण्याचं सामायिक खुलं मानक. पण ती का सोपी आहे, हे ठाऊक असलेलं बरं, कारण चर्चेत कोणीतरी ‘अमुक कंपनीचं एसडीके जास्त सोयीचं आहे’ असं म्हणणारच. ऑक्युलसची सुरुवातीची विकसक किट आली तेव्हा अनेक मुक्त प्रकल्पांनी त्यांच्या एसडीकेवर पॅच लिहिले. मे २०१५ मध्ये कंपनीने लिनक्स आणि मॅकवरचं काम थांबवलं आणि त्या प्रणालींवर ते पॅच निरुपयोगी झाले. ख्रोनोस गटाने ओपनएक्सआरची १.० आवृत्ती जुलै २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. ब्लेंडरने २०२० सालच्या २.८३ आवृत्तीत याच मार्गाने हेडसेट जोडला. गोडो इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीत ओपनएक्सआर गाभ्यातच आहे. स्टीमव्हीआर, मेटाचा रनटाइम आणि लिनक्सवरचा मुक्त स्रोत मोनाडो हे सगळे तीच भाषा बोलतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी डिसेंबर २०२३ मध्ये मोडीत काढायचं जाहीर केलं आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती काढूनही टाकली. ते हेडसेट घेतलेल्यांचं नुकसान झालंच, पण ओपनएक्सआरवर लिहिलेला कोड दुसऱ्या हेडसेटवर तसाच चालत राहिला. मॅकबद्दल मात्र कोणाला आश्वासन देऊ नका. स्टीमव्हीआरने मॅकची साथ २०२० मध्येच सोडली.

परवान्याचा मुद्दाही इथेच निकालात काढा. तुमचा प्रकल्प जीपीएलखाली असेल, तर एखाद्या कंपनीचं बंदिस्त एसडीके त्यात जोडून वाटणं कायद्याच्या दृष्टीने अडचणीचं ठरतं. ‘फक्त जीपीएल २’ असा परवाना असेल, तर अपाची २.० खालचा कोडही त्याच्याशी जुळत नाही. ‘२ किंवा पुढची कोणतीही’ असं लिहिलेलं असेल तर तिसऱ्या आवृत्तीच्या आधाराने वाट निघते. जोडायच्या प्रत्येक फाइलच्या माथ्यावरची परवान्याची ओळ वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण हा आक्षेप शेवटी निघाला तर सगळा पॅच अडकतो.

ठेका रनटाइमचा

आता फ्रेमच्या चक्राकडे वळू. सिम्युलेटरचं मूळ चक्र साधं असतं : इनपुट घ्या, भौतिकी पुढे सरकवा, चित्र काढा, पुन्हा वर जा. ओपनएक्सआरमध्ये तुम्ही ‘एक्सआरवेटफ्रेम’ म्हणता आणि थांबता. रनटाइम तुम्हाला योग्य क्षणी सोडतो आणि सोबत एक वेळ देतो : ही फ्रेम डोळ्यांसमोर नेमकी केव्हा येईल, तो भविष्यातला क्षण, नॅनोसेकंदांत. तबलजीचा ठेका चालू असताना गायकाला समेवर यावंच लागतं, तसंच हे आहे. ठेका तुमच्या हातात नाही. ९० हर्ट्झच्या हेडसेटवर दोन समांमधलं अंतर ११.१ मिलिसेकंद, ७२ हर्ट्झवर १३.९.

डोक्याची स्थिती विचारताना ‘आत्ता’ची विचारू नका. रनटाइमने दिलेल्या त्या भविष्यातल्या क्षणाची विचारा, आणि शक्य तितकी उशिरा विचारा. ओपनसीनग्राफमध्ये इथे एक खाच आहे. बहुधागी पद्धतीत एका फ्रेमचं रेखाटन चालू असताना पुढच्या फ्रेमची तयारी सुरू झालेली असते. तो क्षण एखाद्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवला असेल, तर रेखाटणारा धागा पुढच्या फ्रेमची वेळ उचलतो आणि मान वळवताना जग मानेशी नेमकं जुळत नाही. हा दोष डोळ्यांना लगेच कळत नाही, पोटाला कळतो. वेळ फ्रेमबरोबरच बांधून पुढे पाठवा.

भौतिकीची गंमत वेगळीच. फ्लाइटगिअरची उड्डाण-भौतिकी डीफॉल्ट सेटिंगला सेकंदाला १२० पावलं टाकते. हेडसेट ९० फ्रेम मागतो. म्हणजे एका फ्रेममागे सव्वा ते दीडच्या मधली पावलं. प्रत्यक्षात अपूर्णांकी पाऊल पडत नाही, म्हणून क्रम एक, एक, दोन असा येतो. विमान सेकंदाला ६० मीटर वेगाने जात असेल तर एका पावलात अर्धा मीटर कापतं. म्हणजे धावपट्टीच्या कडेचे दिवे अर्धा, अर्धा, मग एकदम एक मीटर असे मागे जातात. मॉनिटरवर हे खपून जातं. हेडसेटमध्ये कॉकपिट स्थिर आणि बाहेरचं जग थरथरतं, अशी विचित्र अवस्था होते आणि लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसतात. उपाय जुनाच आहे : शेवटच्या दोन पावलांमधली स्थिती दाखवण्याच्या क्षणाप्रमाणे मोजून घ्या, आणि भौतिकीच्या पावलाला हात लावू नका. पाऊल ९० वर आणलं की काही विमानांची चाकं जमिनीवर नाचू लागतील.

दोन छोट्या पण घात करणाऱ्या गोष्टी. मॉनिटरवरची आरशाची खिडकी चालू असेल आणि तिचा व्हीसिंक बंद करायचा राहिला, तर ६० हर्ट्झचा मॉनिटर सगळं चक्र आपल्या गतीला ओढतो. ‘माझ्याकडे बरोबर ६० वर अडकतंय’ अशी तक्रार आली की आधी हेच तपासा. दुसरी : सिम्युलेशन ‘पॉज’ केल्यावर अनेक जुन्या प्रोग्रॅममध्ये कॅमेऱ्याचं अद्ययावतीकरणही थांबतं. हेडसेटमध्ये जग चेहऱ्याला चिकटून मानेबरोबर फिरू लागलं, तर ते सहन होत नाही. वेळ थांबली तरी डोकं चालू राहिलं पाहिजे.

सत्राच्या अवस्थाही मनावर घ्या. वापरणारा हेडसेट डोक्यावरून काढतो, रनटाइमचा मेनू उघडतो, केबल उपसतो. प्रत्येक वेळी रनटाइम अवस्था बदलल्याची सूचना पाठवतो आणि कधी ‘आता चित्र काढायची गरज नाही’ असंही सांगतो. या सूचना न ऐकणारा प्रोग्रॅम पहिल्या चहाच्या सुटीत कोसळतो.

कॅमेरा मानेला देताना

बहुतेक सिम्युलेटरांचा कॅमेरा दृष्टिकोन आणि लांबी-रुंदीचं गुणोत्तर या दोन आकड्यांवर बनतो. हेडसेट प्रत्येक डोळ्यासाठी चार कोन देतो : डावा, उजवा, वर, खाली. ते सममित नसतात. नाकाकडची बाजू अरुंद असते. म्हणून प्रक्षेपणाचं मॅट्रिक्स बाहेरून स्वीकारण्याची सोय कॅमेऱ्यात आधी करावी लागते. डोळ्यांमधलं अंतरही तुम्ही सेटिंगमध्ये विचारू नका, ते रनटाइम सांगतो. आणि दोन्ही डोळे समांतर पाहतात असंही गृहीत धरू नका. व्हॉल्व्ह इंडेक्सचे पडदे दोन्ही बाजूंना पाच-पाच अंशांनी कललेले आहेत. डोळ्याची स्थिती आणि दिशा दोन्ही पूर्ण घ्यायच्या.

अक्षांची अदलाबदल ठरलेलीच : ओपनएक्सआरमध्ये वाय वर आणि उणा झेड समोर, तर ओपनसीनग्राफमध्ये झेड वर आणि वाय समोर. पहिल्यांदा चालवल्यावर फक्त आभाळ दिसलं, तर घाबरू नका. हे रूपांतर एकाच ठिकाणी, एकाच फंक्शनमध्ये ठेवा; तीन ठिकाणी लिहिलंत तर चौथ्या ठिकाणी उलटं पडेल.

यापेक्षा खोल प्रश्न अचूकतेचा आहे. अख्खी पृथ्वी दाखवणारा सिम्युलेटर पृथ्वीच्या केंद्रापासून मोजतो. विषुववृत्तावर ही त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर. एवढ्या मोठ्या आकड्याला ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये शेजारच्या दोन किमतींमधलं अंतर अर्धा मीटर असतं. आपल्या दोन डोळ्यांमधलं अंतर सरासरी सहा-साडेसहा सेंटिमीटर. हिशेब उघड आहे : डोळ्याचं सरकणं फ्लोटमध्ये जगाच्या निर्देशांकांत मिसळलं, तर ते एक तर नाहीसं होईल किंवा अर्ध्या मीटरची उडी होईल. मॅट्रिक्सचा गुणाकार डबलमध्ये प्रोसेसरवर करा आणि कॅमेऱ्यासापेक्ष आलेलं उत्तरच कार्डाकडे पाठवा. फ्लाइटगिअरचा मुख्य कोड ही काळजी पूर्वीपासून घेतो. चोर बहुतेकदा शेडरमध्ये दडलेला असतो : धुकं, पाणी किंवा ढगांसाठी कोणीतरी व्ह्यू मॅट्रिक्सचा व्यस्त घेऊन जगाचे निर्देशांक काढलेले असतात. मॉनिटरवर लाटा किंचित थरथरत असतील. हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला वेगळ्या थरथरतात.

मग येतात ‘सोयी’. एक्स कळ दाबून झूम, वळणावर आपोआप झुकणारा कॅमेरा, उतरताना बसणारा धक्का, खिडकीबाहेर पाहायला माउसने फिरणारी मान. हेडसेट चालू असताना हे सगळं बंद. सवलत नाही, पर्यायही नाही. डोक्याच्या हालचालीत प्रोग्रॅमने स्वतःची भर घातली की मळमळ सुरू होते. मात्र जागा पुन्हा मध्यावर आणणारं बटण हवंच, आणि ते जॉयस्टिकवर नेमता आलं पाहिजे. डोळ्यांवर हेडसेट असलेल्या माणसाला कीबोर्ड दिसत नाही.

जवळच्या कापपातळीचंही बघा. कॉकपिटमध्ये लोक यंत्रांवरचे आकडे वाचायला पुढे वाकतात. ती पातळी पाच सेंटिमीटरपर्यंत आणायची, आणि दूरचा डोंगर शंभर किलोमीटरवर राहू द्यायचा, तर साधा डेप्थ बफर पुरत नाही. उलटा झेड आणि फ्लोट डेप्थ, किंवा जवळचं आणि दूरचं दृश्य दोन टप्प्यांत, यांपैकी काहीतरी लागतं. दुसरा मार्ग घेतलात तर रनटाइमला डेप्थ पुरवून फ्रेम सावरून घेण्याची सोय अवघड होते. म्हणून नव्याने करायचं असेल तर पहिला मार्ग बरा.

मॉनिटरवर खपणाऱ्या लबाड्या

कॉम्प्युटर ग्राफिक्स म्हणजे एका डोळ्याला पटेल अशी फसवणूक. दुसरा डोळा उघडला की ती उघडी पडते. सपाट चित्रांची झाडं आणि ढग कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे असतात. प्रत्येक डोळ्यासाठी ते वेगळे वळले तर त्यांना ना जाडी येते ना जागा. त्यांना दोन डोळ्यांच्या मध्यबिंदूकडे वळवा, आणि मान तिरकी झाली तरी झाडं तिरकी होणार नाहीत हे पाहा. अंतरानुसार बदलणाऱ्या तपशिलाची (एलओडी) पातळीही मध्यबिंदूवरूनच ठरवा. नाहीतर उजव्या डोळ्याला इमारत आणि डाव्याला ठोकळा दिसतो. सावल्यांचे नकाशे दोन्ही डोळ्यांसाठी एकदाच काढायचे. लेन्स फ्लेअर, कडांचा काळोख, पडद्यावरचे पावसाचे थेंब, दाणेदारपणा हे सगळं प्रत्येक डोळ्यात वेगळं पडतं आणि मेंदू दोन्हींत झुंज लावून बसतो. ते काढून टाका; कोणालाही त्यांची आठवण येणार नाही.

रंगांची गडबड तर इतक्या प्रकल्पांत झालीय की सांगायलाच हवं. चित्र फिकट, दुधाळ किंवा नको तितकं गडद दिसत असेल तर प्रकाशयोजनेला हात लावू नका. गॅमा दोनदा लागतोय किंवा लागतच नाहीये. रनटाइमकडून मिळालेल्या प्रतिमेचा प्रकार एसआरजीबी आहे की नाही, आणि तुमचा शेवटचा शेडर स्वतः गॅमा लावतो का, एवढंच पाहायचं.

माउस, खिडक्या आणि हात

उड्डाण सिम्युलेटरचा नेमाने वापर करणाऱ्याच्या एका हातात स्टिक, दुसऱ्यात थ्रॉटल असतो. हेडसेटसोबतचे कंट्रोलर तो उचलणार नाही. त्यामुळे आधी माउस चालता करा. हातांची सोय नंतर. माउसचा बाण ठरावीक खोलीवर काढलात तर यंत्रफलकाकडे पाहताना तो दुहेरी दिसतो. बाणाखाली जी वस्तू आहे तिच्याच अंतरावर त्याला नेऊन ठेवावं लागतं. क्लिक कुठे झाली, हे खिडकीच्या निर्देशांकांवरून नव्हे तर डोळ्यापासून निघालेल्या किरणावरून शोधा. हीच यंत्रणा पुढे कंट्रोलरच्या किरणालाही कामाला येते.

मेनू आणि संवादचौकटी थेट खिडकीवर काढण्याऐवजी टेक्स्चरवर काढा आणि ओपनएक्सआरच्या सपाट थरात टांगा. मजकूर जास्त स्पष्ट दिसतो, कारण रनटाइम तो थेट लेन्ससाठी वाकवतो. वाटेत तुमच्या दृश्याच्या पिक्सेलांची गाळणी नसते. थर जगात किंवा कॉकपिटात स्थिर ठेवा. चेहऱ्यासमोर चिकटवलेली चौकट दोन मिनिटांत नकोशी होते.

वेगाचा हिशेब

इंडेक्सचे दोन्ही पडदे मिळून ४६ लाख पिक्सेल, सेकंदाला किमान ८० वेळा. नेहमीच्या ९० ला ते ४१ कोटींवर जातं. फुल एचडी मॉनिटर ६० ला साडेबारा कोटींच्या आसपास मागतो. आणि लेन्सचा बाक भरून काढण्यासाठी रनटाइम पडद्यापेक्षा मोठं चित्र मागतो, ते वेगळंच. तरीही सिम्युलेटरांत अडथळा बहुधा प्रोसेसरचा असतो : दृश्यवृक्ष दोनदा चालणं, रेखाटनाच्या आज्ञा दोनदा देणं. एकाच फेरीत दोन्ही डोळे काढायचं तंत्र आहे, पण त्यासाठी जवळपास प्रत्येक शेडर बदलावा लागतो, आणि फ्लाइटगिअरसारख्या प्रकल्पात शेडर अनेक वर्षं अनेकांनी लिहिलेले असतात. आधी दोन फेऱ्यांत बरोबर चालवा, मग मोजा. मोजायला दोन ठिकाणं ठरवून ठेवा : एक रिकामा समुद्र, एक दाट शहर. मुंबई विमानतळ, म्हणजे व्हीएबीबी, दुसऱ्या कामाला उत्तम. एका बाजूला दाट वस्ती, दुसरीकडे अरबी समुद्र, एकाच चकरीत दोन्ही टोकं मिळतात.

हेडसेट नसताना, आणि मुख्य शाखेत जाताना

आपल्याकडे कॉलेजातल्या मुलांना हेडसेट विकत घेणं सहज परवडत नाही, पण त्यावाचून बरंच काम होतं. मोनाडोमध्ये खोट्या हेडसेटचा ड्रायव्हर आहे. तो डोकं हलवल्याचं नाटक करतो आणि तुमचं फ्रेमचक्र, अवस्था, मॅट्रिक्स सगळं तपासून होतं. ओपनएक्सआरच्या स्रोतासोबत येणारा तपासणीचा थर चालू ठेवा. चुकीच्या क्रमाने केलेली हाक तो लगेच पकडतो. उसना हेडसेट मिळाला की मग तो वेळ फक्त डोळ्यांनीच कळणाऱ्या गोष्टींसाठी वापरा : मापं, थरथर, मळमळ.

पॅच पाठवताना एकच भलामोठा गठ्ठा पाठवू नका. पहिल्या टप्प्यात व्हीआरचा उल्लेखही नसावा : कॅमेऱ्याने बाहेरून मॅट्रिक्स घ्यावं, पॉजमध्येही दृश्य अद्ययावत व्हावं, माउसची निवड किरणाने व्हावी. हे बदल मॉनिटरवाल्यांनाही उपयोगी असल्याने सहज स्वीकारले जातात. ओपनएक्सआरवरचं अवलंबित्व त्यानंतर, बांधणीच्या वेळी बंद ठेवता येईल अशा पर्यायात. देखभाल करणाऱ्याला एकच भीती असते : तुम्ही निघून गेल्यावर, हेडसेट नसलेल्या त्याने हे कसं सांभाळायचं? मोनाडोवर चालणारी स्वयंचलित चाचणी सोबत दिलीत, तर ती भीती बरीच कमी होते.

पहिल्या आवृत्तीनंतर येणाऱ्या तक्रारींत ‘काळा पडदा’ सर्वांत वर असेल. त्याचं कारण पुष्कळदा तुमच्या कोडमध्ये नसतंच. संगणकावर दोन रनटाइम असतात आणि चालू म्हणून नोंदवलेला भलताच निघतो. म्हणून प्रोग्रॅम सुरू होतानाच रनटाइमचं नाव आणि आवृत्ती, हेडसेटचं नाव, मिळालेला रिफ्रेशचा दर आणि प्रतिमेचा प्रकार लॉगमध्ये लिहून टाका, आणि तक्रारीच्या अर्जात तो लॉग सक्तीचा करा. लिनक्सवाल्यांसाठी ‘एक्सआर रनटाइम जेसन’ या पर्यावरण-व्हेरिएबलने रनटाइम कसा बदलायचा, ती ओळ माहितीपत्रकात सगळ्यात वर हवी.